'द स्विमर' (१९६८): नेड मेरिल नेमका किती दिवस पोहत होता?

जुना_तराफा

जॉन चीव्हरची ही कथा 'न्यूयॉर्कर'च्या १८ जुलै १९६४ च्या अंकात आली. तिच्यावरचा फ्रँक पेरीचा सिनेमा १९६८ चा, नेडच्या भूमिकेत बर्ट लँकेस्टर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: न्यूयॉर्कच्या उपनगरातला भर उन्हाळ्यातला रविवार, सगळे आदल्या रात्रीच्या दारूला दोष देत मित्राच्या तलावाकाठी पसरलेले. नेडच्या डोक्यात येतं की इथून आठ मैलांवरच्या आपल्या घरापर्यंत ओळखीच्यांच्या परसातले तलाव ओळीनं लागलेले आहेत, एकेक पोहत घरी जाऊ. या ओळीला तो बायकोचं नाव देतो, ल्युसिंडा नदी. निघतो तेव्हा सगळ्यांचा लाडका, पोहोचतो तेव्हा घराला कुलूप आणि आत कोणी नाही.

कथेत या एका दुपारीत ऋतूच पालटतो. सिनेमात तसं काही ठसठशीत दिसत नाही. म्हणून विचारतो, हा एकच दिवस की काही वर्षं? आणि ऋतुबदल सोडून दिल्यावर सिनेमात कथा उरली का?

पुढे सगळी रहस्यं फोडलेली असणार. न पाहिलेल्यांनी इथूनच शिडीनं बाहेर पडावं.

कोपऱ्यातला_वाचक

एक दिवस. दारू उतरली, ऊन उतरलं, अंगात थंडी भरली. एवढंच.

शिंपल्यातलं_वादळ

@कोपऱ्यातला_वाचक, इतकं सोपं नाही हो. लेव्हींच्या घरी वादळ येतं तेव्हा नेड त्यांच्या बागेतल्या मंडपात आडोशाला थांबतो. तिथे जपानी कंदील टांगलेत. मिसेस लेव्हींनी ते क्योटोहून आणले, दोन वर्षांपूर्वी, की त्याच्याही आधीच्या वर्षी? हे त्याला आठवत नाही, आणि वाचणारा तिथून घाईनं पुढे जातो. पाऊस थांबतो तर मेपलची लाल-पिवळी पानं गवतावर पडलेली. भर उन्हाळ्यात! नेड स्वतःची समजूत घालतो की झाडाला कीड लागली असेल.

पुढे हॅलोरनांच्या घरी पोहून बाहेर आल्यावर चड्डी कंबरेला सैल. त्यानंतर सॅक्सांकडे कळतं की एरिक सॅक्सचं मोठं ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी झालं, आणि या जिवलग मित्राला त्याचा पत्ताच नाही. दारू उतरल्यानं माणूस एका दुपारीत बारीक होत नाही.

बटाटेवडा_डिप्लोमॅट

धागा मोबाईलवर नुसता चाळला. दुसरीकडे कुठेतरी 'नेड सोळा पूल पार करून घरी जातो' असं वाचलेलं, तेव्हा वाटलं, एवढ्या नद्या आहेत तर नाव एकाच नदीचं का दिलंय.

जुना_तराफा

@बटाटेवडा_डिप्लोमॅट, म्हणूनच मी मुद्दाम 'तलाव' लिहिलंय. बाकीच्यांनीही तेच पाळावं, नाहीतर उद्या कोणी इथे टोल मागेल.

ध्रुवमत्स्य

ऋतूचा सगळ्यात पक्का पुरावा आकाशात आहे. शेवटून तिसऱ्या तलावापाशी, म्हणजे जुन्या प्रेयसीच्या घरातून निघताना, नेड वर बघतो तर त्याला अँड्रोमेडा, सिफिअस आणि कॅसिओपिया दिसतात. उन्हाळ्यातली नक्षत्रं गेली कुठे, असं मनात येतं आणि तो रडायला लागतो.

यात एक बारकावा आहे. न्यूयॉर्कचा अक्षांश साधारण ४१ अंश. तिथे ध्रुवापासून ४१ अंशांच्या आतले तारे मावळतच नाहीत, त्यामुळे सिफिअस पूर्ण आणि कॅसिओपिया जवळजवळ पूर्ण वर्षभर आकाशात असतात. ते नुसते दिसण्यात नवल नाही, नवल ते कुठे दिसतात यात आहे. जुलैच्या संध्याकाळी हे दोघं ईशान्येला खाली असतात, अँड्रोमेडा तर क्षितिजावर यायलाच रात्र बरीच सरावी लागते. डोक्यावर असतो अभिजित, पूर्वेला श्रवण आणि हंस, पश्चिमेकडे कललेली स्वाती. अंधार पडल्यावर थोड्याच वेळात अँड्रोमेडा, सिफिअस, कॅसिओपिया ही तिघं माथ्याकडे दिसायला ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडतो. चीव्हरनं 'वर बघितलं' असं लिहिलंय, त्यामुळे गणित जुळतं. म्हणजे निदान तीन-चार महिने सरलेत. किती वर्षांचे, ते तारे सांगत नाहीत.

अनुष्टुभ_मोडलेला

@ध्रुवमत्स्य, दंडवत! आता हीच नावं मराठीत घ्या: अँड्रोमेडा म्हणजे देवयानी, कॅसिओपिया शर्मिष्ठा, सिफिअस वृषपर्वा. आणि शेजारचा पर्सिअस म्हणजे ययाती.

चीव्हरला हे माहीत असायचं कारण नाही, तो ग्रीक कथेवरच उभा आहे. पण मराठी वाचणाऱ्याला दिसतं काय? म्हातारपण नाकारणारा पन्नाशीचा उघडा माणूस खाली उभा, आणि माथ्यावर ययातीच्या दोन्ही बायका व सासरा हजर. ययाती तेवढा यादीत नाही, कारण तो खाली रडतोय.

ययातीला तरुणपण उसनं देणारा पुरू तरी मिळाला. नेडला चार मुली आहेत (सिनेमात दोन) आणि त्या घरी टेनिस खेळतायत असं तो सांगत सुटतो. त्या दारात येत नाहीत.

शिंपल्यातलं_वादळ

हा प्रतिसाद वहीत उतरवून घेतला.

कोपऱ्यातला_वाचक

जुळवून आणलेला योगायोग, पण छान आहे. एक दिवस हे मत मात्र मागे घेतो.

उलटा_सूर

पोहण्याकडे बघा. चीव्हरनं काळ तिथे मोजलाय आणि लँकेस्टरनंही ते अंगावर घेतलंय.

सुरुवातीला नेड शिडी वापरतच नाही. तलावात अंग झोकून न देणाऱ्या पुरुषांबद्दल त्याला तुच्छता आहे. क्रॉल (पालथं होऊन एकेक हात पुढे टाकत पोहणं) मारतो, तोही आखूड हातांचा, श्वास कधी दर हाताला तर कधी चौथ्या हाताला, पाय एक-दोन एक-दोन मोजत. लांब अंतराला ही पद्धत कुचकामी. श्वासाची लय धरलेली नाही, त्यामुळे पाय ऑक्सिजन खातात आणि खांदे भरून येतात. चीव्हर स्वतःच म्हणतो की ही लांब पल्ल्याची पद्धत नव्हे, पण त्या भागात क्रॉल मारण्याचा रिवाज आहे. म्हणजे पोहणंसुद्धा शेजाऱ्यांना दिसण्यासाठी.

आता उतरण बघा. सार्वजनिक तलावात धक्के चुकवायला डोकं पाण्यावर ठेवून पोहतो. डोकं वर की कंबर खाली, कंबर खाली की दुप्पट मेहनत. प्रेयसीच्या तलावातून काठावर हात टेकून वर यायला जातो, दंडात जोर उरलेला नाही, शिडीनं चढतो. गिलमार्टिनांकडे आयुष्यात पहिल्यांदा सूर न मारता पायऱ्यांनी उतरतो आणि कुशीवर पोहतो. शेवटी क्लाइडांकडे दर थोड्या वेळानं कठडा धरून थांबत कसाबसा पलीकडे. सूर, शिडी, पायऱ्या, कठडा. एवढ्या चार खुणांत माणूस म्हातारा केलाय.

लँकेस्टर मूळचा सर्कशीतला कसरतपटू, पण पाण्याची भीती होती. या भूमिकेसाठी त्यानं लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या वॉटर पोलोच्या प्रशिक्षकाकडे, बॉब हॉर्नकडे, धडे घेतले. शूटिंग १९६६ च्या उन्हाळ्यात झालं तेव्हा तो ५२ वर्षांचा होता. पूर्ण सिनेमाभर अंगावर एक निळी चड्डी, आणि शेवटाकडे येता येता तो पोक काढतो, लंगडतो, कुडकुडतो. पानगळ त्याच्या अंगावर आहे.

त्रैराशिक

जरा हिशेब. कथेतली नावं मोजली तर निघतो ते घर धरून सोळा तलाव. घरगुती तलाव १० ते १२ मीटर, सार्वजनिक २५ धरा, आणि वेल्चरांचा तर कोरडा आहे. एकूण पोहणं जेमतेम २०० मीटर. आठ मैल म्हणजे १२.९ किलोमीटर. म्हणजे नेडभाऊ पोहत घरी गेलेच नाहीत, अनवाणी चालत गेले. चार किलोमीटरच्या वेगानं सव्वातीन तास. वाटेत हायवे, तिथे गाडीतून कोणीतरी बिअरचा डबा फेकून मारतं. शिवाय लेव्हींकडे, निम्मी वाट होण्याच्या सुमारास, त्याच्या हातात चौथा की पाचवा ग्लास.

शरीराच्या हिशेबानं एका दुपारीत बसतं. गफलत दुसऱ्या खात्यात आहे.

बटाटेवडा_डिप्लोमॅट

२०० मीटर पोहून नदीला बायकोचं नाव! आमच्याकडे रस्त्याला नाव द्यायला निदान नगरसेवक लागतो.

क्लोरीनची_बाटली

तलावांच्या देखभालीच्या बाजूनं वाचलं तर ही कथा फार नेमकी आहे. चीव्हर प्रत्येक तलावाचं पाणी वेगळं रंगवतो आणि त्यातून घरमालक कळतो.

पहिला तलाव, वेस्टरहेझींचा. खोल विहिरीचं, लोहाचं प्रमाण जास्त असलेलं पाणी, म्हणून फिकट हिरवं. अशा पाण्यात गडबड व्हायला वेळ लागत नाही. विरघळलेलं लोह क्लोरीन पडलं की गंजासारखं तपकिरी होतं आणि गिलाव्यावर डाग धरतं. म्हणून भरतानाच पाणी गाळून घेतात, किंवा लोहाला बांधून ठेवणारं औषध घालून मगच क्लोरीन टाकतात. (पोहणाऱ्यांचे सोनेरी केस हिरवे होतात ते तांब्यानं. लोहाच्या माथी मारू नये.)

हॅलोरनांचा तलाव दगडी, ओढ्याच्या पाण्यावर चालणारा. गाळणी नाही, पंप नाही, पाणी गढूळ सोनेरी. हे जुन्या पैशाचं लक्षण. ज्याच्या दारात ओढा आहे त्याला निळाईचा देखावा लागत नाही. निळाई हवी असते ती युद्धानंतर आलेल्यांना. तेव्हा नळीतून दाबानं काँक्रीट फवारून वाटेल त्या आकाराचा तलाव करण्याची पद्धत पसरली आणि मध्यमवर्गाच्याही परसात खड्डे खणले गेले. साधारण २० हजार गॅलन, म्हणजे ७५ हजार लिटरचा तलाव. ते सगळं पाणी आठ तासांत एकदा गाळणीतून फिरवायचं तर मिनिटाला १६० लिटर ओढणारा पंप हवा. उन्हाळ्यात पंप दोन-तीन दिवस बंद राहू द्या, शेवाळ धरलंच. निळं पाणी दिसणं म्हणजे रोजचा खर्च चालू असणं. सिनेमात ग्रॅहम हा शेजारी आपल्या नव्या गाळणीची टक्केवारी सांगत बसतो ती उगाच नाही.

आता सार्वजनिक तलाव. तिथे क्लोरीनचा भपकारा येतो. लोकांना वाटतं क्लोरीन जास्त झालं. उलट आहे. वास येतो तो क्लोरीन घाम-लघवीतल्या अमोनियाशी जुळून तयार झालेल्या क्लोरामाइनचा, म्हणजे मोकळं क्लोरीन कमी पडल्याचा. उतारा म्हणून अमोनियाशी असं जुळलेलं क्लोरीन जेवढं असेल त्याच्या दसपट मात्रा एकदम द्यावी लागते. आणि मुळात रोखायचं तर उतरण्याआधी आंघोळ. सिनेमात तिथला रखवालदार नेडला परत पाठवून पाय धुवायला लावतो, पायाची बोटं फाकवून तपासतो. नियम अगदी रास्त आहे. पण दुपारभर दुसऱ्यांच्या निवळशंख पाण्यात आमंत्रणाशिवाय उड्या मारणाऱ्याला पहिल्यांदा कोणी विचारतं की तुझे पाय स्वच्छ आहेत का.

शिंपल्यातलं_वादळ

आणि तिथे आत जायला खिशात सुटे पैसे नाहीत, ते ओळखीच्याकडून मागून घेतो. मग तीच माणसं काठावर त्याला थकलेल्या बिलांवरून सोलून काढतात. हे कथेत नाही. कथेत फक्त ओळखपट्टी नाही म्हणून जीवरक्षक त्याला बाहेर काढतात. एलेनॉर पेरीनं, म्हणजे दिग्दर्शकाच्या पत्नीनं, पटकथेत घातलेली ही भर कथेइतकीच धारदार आहे.

कोपऱ्यातला_वाचक

@क्लोरीनची_बाटली, कोरड्या तलावाचं काय? तो हिवाळ्यासाठी रिकामा केलेला असेल ना?

क्लोरीनची_बाटली

नाही, तीच गंमत आहे. थंड प्रदेशात हिवाळ्यासाठी तलाव रिकामा करत नाहीत. पाणी बाजूच्या शोषतोंडाच्या (गाळणीकडे पाणी ओढणाऱ्या तोंडाच्या) खाली उतरवतात, नळांतलं पाणी हवेनं उडवून लावतात नाहीतर गोठून नळ फुटतात, आणि वर आच्छादन घालतात. पूर्ण रिकामा केला तर भूजलाचा दाब खालून येतो आणि काँक्रीटचं अख्खं भांडं नावेसारखं वर उचललं जातं. तळाच्या निचऱ्यात दाब सोडणारी झडप असते ती त्यासाठीच. त्यामुळे वेल्चरांचा कोरडा तलाव दिसला आणि घरासमोरच्या झाडावर 'विकणे आहे'ची पाटी दिसली, की समजावं मालक केव्हाच गेले. नेडला दोन्ही दिसतं आणि तो म्हणतो, वेल्चरांची खबर आपल्याला शेवटची कधी मिळाली होती?

सिनेमात हा कोरडा तलाव एका एकट्या मुलाला दिलाय, केव्हिनला. नेड त्याला शिकवतो की मनापासून मानलं तर पाणी आहेच. दोघं कोरड्या फरशीवर हात मारत 'पोहत' पलीकडे जातात. नेड निघतो, आणि मागून फळीचा आवाज ऐकू येतो. मुलगा सूर मारायच्या फळीवर उभा राहून उसळ्या घेतोय. नेड जीव खाऊन पळत येऊन त्याला खाली ओढतो. त्याच्या तत्त्वज्ञानाची खोली पहिल्यांदाच फुटांत मोजली जाते.

रीळ_क्रमांक_सात

निर्मितीबद्दल थोडं, कारण सिनेमाचा ओबडधोबडपणा तिथून येतो. मूळ शूटिंग कनेटिकटमधल्या वेस्टपोर्टला, खऱ्या घरांच्या खऱ्या तलावांत. निर्माता सॅम स्पीगल आणि पेरी यांचं बिनसलं, पेरी बाहेर. काही प्रसंग सिडनी पोलॅकनं कॅलिफोर्नियात पुन्हा घेतले, श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही. त्यातला मोठा म्हणजे प्रेयसी शर्लीचा. आधी ती भूमिका बार्बरा लोडनची होती, आता दिसते ती जॅनिस रूल. कथेत हा प्रसंग एखाद्या पानाचा. शर्ली विचारते, पैसे मागायला आलास का, मिळणार नाहीत. सिनेमात तो लांबलचक आहे आणि तिथली छायालेखनाची धाटणी शेजारच्या प्रसंगांशी जुळत नाही. तरी सिनेमातला सगळ्यात खरा अभिनय तिथेच आहे, हा माझा हट्ट. शेवटच्या दिवसाच्या शूटिंगला पैसे संपले तेव्हा लँकेस्टरनं १० हजार डॉलर पदरचे घातले. स्वतः चीव्हरही एका पार्टीत क्षणभर दिसतो.

संगीत मार्व्हिन हॅमलिशचं, त्याचा पहिला सिनेमा. स्पीगलच्या पार्टीत पियानो वाजवताना सापडलेला पोरगा.

अनुष्टुभ_मोडलेला

ते संगीत मला खटकतं. डोळ्यांत पाणी यायच्या आधीच व्हायोलिनं रुमाल घेऊन हजर. आणि ती घोड्याशी शर्यत, ती मंदगतीतली उड्यांची मालिका! साबणाची जाहिरात.

रीळ_क्रमांक_सात

@अनुष्टुभ_मोडलेला, असहमत. जाहिरात वाटायलाच हवी. मंदगती येते ती ज्युलीबरोबरच्या भागात, जी एकेकाळी त्याच्या मुली सांभाळायची. नेड स्वतःकडे जसा बघतो तसं ते चित्रित केलंय. मग ती त्याच्या हातातून सुटून पळते आणि कॅमेरा पुन्हा जमिनीवर येतो. व्हायोलिनं नेडच्या डोक्यात वाजतायत, आपल्या नाही.

अनुष्टुभ_मोडलेला

माझ्या तर वाजत होती.

त्रैराशिक

'दुसऱ्या खात्या'वर येतो. बिस्वँगरांच्या पार्टीत नेड आगंतुक घुसतो. ही माणसं वर्षातून चार वेळा, सहा-सहा आठवडे आधी आमंत्रण द्यायची आणि मेरिल दरवेळी नाकारायचे, कारण बिस्वँगर पिताना वस्तूंच्या किमती बोलतात. तिथे नेडच्या पाठीमागे यजमानीण ग्रेस कोणाला तरी सांगत असते: एका रात्रीत बुडाले, होतं ते फक्त उत्पन्न, आणि हा एका रविवारी पिऊन येऊन पाच हजार डॉलर उसने मागत होता.

'फक्त उत्पन्न' यात सगळं आलं. मालमत्ता नाही, गाठीला काही नाही, पगार आला तोवर घर, मोलकरीण, टेनिस कोर्ट. पगार थांबला की सगळं एकदम. पाच हजार डॉलर म्हणजे तेव्हाच्या सामान्य अमेरिकन कुटुंबाच्या वर्षाच्या कमाईच्या साधारण पाऊणपट. आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. नेडनं तेच आणलं होतं, म्हणून पडलं.

सिनेमात बिस्वँगरांकडे एक हॉटडॉगची हातगाडी उभी असते. नेडनं ती आपल्या मुलींसाठी केलेली. ती माझी आहे म्हणून तो झोंबतो, तर कळतं की जुन्या सामानाच्या विक्रीत यांनी ती विकत घेतली. घर मोडल्याची पावती चाकांवर उभी आहे.

ध्रुवमत्स्य

आणि काळे लोक? सिनेमात हॅलोरनांच्या मोटारचालकाला नेड आधीचा चालकच समजतो आणि त्यांच्या अंगभूत तालाबद्दल बरळतो. चालक शांतपणे चूक दाखवून देतो. दोन वेगळी माणसं, नेडला एकच दिसतात. हाही काळ विसरण्याचाच प्रकार.

बटाटेवडा_डिप्लोमॅट

एक फालतू माहिती द्यायची राहिली. कथेतला सार्वजनिक तलाव ज्या गावात आहे त्याचं नाव लँकेस्टर. बर्ट तिथूनच हाकलला गेला.

उलटा_सूर

हे खरंच आहे! पुन्हा उघडून बघितलं.

जुना_तराफा

माझ्या प्रश्नाकडे येतो. वरचं सगळं वाचून मत बदललंय.

कथेत काळ नेडच्या बाहेर बदलतो: पानं, तारे, पाण्याचा गारठा. वाचणारा त्याच्याबरोबर फसतो, कारण वाक्य तेवढंच सांगतं जेवढं नेडला दिसतं. कॅमेऱ्याला ते जमत नाही. पिवळं झाड दाखवलं की ते पहिल्याच क्षणी सगळ्यांना दिसणार. म्हणून पटकथेनं काळ लोकांच्या तोंडावर नेला. पहिल्या घरी 'कुठे होतास इतके दिवस', मधल्या घरी नजरानजर, मग उधारी, मग शर्ली. सिनेमात एक दिवस खराखुरा एकच आहे. वर्षं सगळी आधीच होऊन गेलीत आणि ती फक्त नेडला माहीत नाहीत. वादळही त्यांनी लेव्हींकडून उचलून शेवटाला ठेवलं. दार ठोठावताना पाऊस कोसळतो आणि फुटक्या काचेतून आतल्या रिकाम्या खोल्या दिसतात.

तरी शेवट मला कथेचाच जवळचा वाटतो. नेड गॅरेजचं दार उघडायला जातो, कुलूप. मुठीचा गंज हाताला लागतो. छपराची पन्हळ सुटून दारावर छत्रीच्या काडीसारखी लोंबतेय, त्याला वाटतं आजच्या वादळानं सुटली असेल, सकाळी लावू. मग घराला कुलूप दिसतं आणि पहिला विचार येतो की त्या मूर्ख मोलकरणीनं लावलं असणार. मग आठवतं की मोलकरीण ठेवणं बंद होऊन बराच काळ झाला.

कोपऱ्यातला_वाचक

हातात येण्याइतका गंज धरायला निदान दोन हिवाळे. @क्लोरीनची_बाटली, बरोबर का?

क्लोरीनची_बाटली

रंग किती जाड होता त्यावर आहे. पन्हळीचे खिळे मात्र एका वादळात निघत नाहीत, आधी पानं साठून ती तुंबावी लागते. वर्षातून दोनदा पानं काढायची असतात.

बटाटेवडा_डिप्लोमॅट

म्हणजे पगार थांबायच्या आधीपासून पन्हळ तुंबलेली होती?

क्लोरीनची_बाटली

हो, तसंच दिसतंय.